प्रार्थनेत काहीच वाटत नाही, म्हणजे माझं मन कठीण झालंय का?

तुम्ही विचारलंय की बाप्तिस्मा घेऊन बरीच वर्षं झाली, रविवार चुकत नाही, पण हल्ली प्रार्थनेत काहीच वाटत नाही, तर बायबलमध्ये मन कठीण होणं म्हणतात ते हेच का आणि त्यात एवढा धोका तरी काय. मी पाळक वगैरे नाही, इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरातला आहे (उपासना हिंदीत, घरचं बायबल मराठीत, त्यामुळे भाषेची थोडी खिचडी होईल, सांभाळून घ्या).

काही न वाटणं आणि मन कठीण होणं या दोन गोष्टी मी तरी वेगळ्या धरतो. आमच्या माळव्याची काळी माती मे महिन्यात बघा, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पण पाऊस लागला की तीच माती पाणी पिऊन फुगते, आणि शेजारची पायवाट तशीच घट्ट, पाणी वरून वाहून जातं. येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात पाखरं बी खाऊन टाकतात ते या वाटेवरचंच. स्तोत्र ८८ वाचा, त्याचा शेवटसुद्धा अंधारात होतो, तरी तो माणूस तक्रार देवाकडेच करतोय ना? तुम्हाला हा प्रश्न पडला, टोचतोय, म्हणजे मला तरी भेगाच दिसतात.

कठीण मन बघायचं तर बायबलच्या निर्गम पुस्तकातला फारो बघा, म्हणजे मिसरचा राजा, जो इस्राएली लोकांना गुलामीतून सोडत नव्हता म्हणून देवाने त्याच्यावर एकामागून एक पीडा आणल्या. बेडकांची पीडा आली, बिछान्यात बेडूक, पीठ मळायच्या परातीत बेडूक, आणि इस्राएलींचा पुढारी मोशे विचारतो की हे कधी घालवायचे ते तुम्हीच सांगा, तर हा म्हणतो उद्या! म्हणजे आणखी एक रात्र बेडकांबरोबर झोपायला तयार. मला आधी हसू येतं आणि मग जरा भीती वाटते, कारण ज्याला फोन करून माफी मागायची असते त्याच्याबाबतीत आपणही उद्याच म्हणतो. पुढचं तर अजून बारीक आहे, बेडूक मेले, जरा सुटका झाली, आणि ती सुटका बघून त्याने मन कठीण केलं असं लिहिलंय. संकट असताना तो नरमच होता हो. हॉस्पिटलच्या बाकावर बसून आपण देवाला काय काय कबूल करतो आणि रिपोर्ट नॉर्मल आला की आठवड्यात सगळं विसरतो, तेच हे.

आता कोणी म्हणेल की देवानेच त्याचं मन कठीण केलं ना, मग त्याचा काय दोष. देवाने मोशेला ते आधीच सांगून ठेवलं होतं हे खरं, पण प्रत्यक्ष पीडा सुरू झाल्यावर 'परमेश्वराने कठीण केलं' हे शब्द सहाव्या पीडेत, फोडांच्या वेळी येतात, त्याआधी बेडकांनंतर आणि गोमाश्यांच्या पीडेनंतर फारोने स्वतःच केलं असं आहे. यावर मोठे वाद आहेत, मी त्यात पडत नाही.

मला जास्त भीती चर्चमधल्या आपल्यासारख्यांची वाटते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात मन कठीण झालेले लोक कोण, तर येशूचे शिष्य, ज्यांनी त्याच दिवशी पाच हजारांना भाकरी स्वतःच्या हाताने वाटल्या होत्या. इब्री लोकांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायातला इशारासुद्धा विश्वासणाऱ्यांनाच आहे. इंदुरात कॅनडाचं मिशन १८७७ मध्ये आलं, तेव्हापासूनची जुनी घराणी आमच्याकडे आहेत, गाणी पाठ, वचनं पाठ, आणि अशाच एका घरातले दोन भाऊ प्लॉटच्या वाटणीवरून बोलत नाहीत, दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसतात, दोघं प्रभुभोजन घेतात, क्षमेवर उपदेश झाला की दोघंही बाहेर पडताना पाळकसाहेबांना सांगतात फार छान झाला. माझ्या मते धोका हाच आहे, की ऐकू तर सगळं येतं पण ते आपल्यासाठी आहे असं वाटेनासं होतं, आणि ज्याचं होतं त्याला ते कळतही नाही.

म्हणून इब्रीमध्ये उपाय एकट्याने करायचा सांगितलेला नाही, रोज एकमेकांना बोध करा म्हटलंय, आज म्हणायला मिळतंय तोपर्यंत. तर तुम्हाला तोंडावर खरं सांगेल असं एक माणूस मंडळीत शोधा, आणि एखादी गोष्ट करायची आहे हे माहीत असूनही पुढे ढकलताय का तेवढं त्याच्यापुढे बोला, वाटण्या न वाटण्याचं नंतर बघू. पाळकसाहेबांशी बोलायला संकोच वाटत असेल तर एखाद्या वडीलधाऱ्या मावशींना गाठा, आमच्याकडे तरी त्या पाळकांपेक्षा स्पष्ट बोलतात.