लॅब्राडोर मादीचे पहिले वेत कोणत्या वयात होऊ द्यावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, नाशिकरोडच्या तुमच्या घरातील लॅब्राडोर मादी 11 महिन्यांची आहे, गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदा माजावर आली, शेजाऱ्यांचा नर याच जातीचा आहे आणि ‘एकदा पिल्ले होऊ दिली म्हणजे तब्येत चांगली राहते’ असे घरातील मोठी माणसे सांगत आहेत; तर आता जोड लावावी का, आणि नाही तर कधी?

आता लावू नका. पुढच्या माजालाही लावू नका. लॅब्राडोर मादी साधारणपणे सहा ते आठ महिन्यांच्या अंतराने माजावर येते, त्यामुळे तुमच्या मादीचा दुसरा माज सतराव्या-अठराव्या महिन्याच्या सुमारास आणि तिसरा दोन वर्षांच्या आसपास येईल. तो तिसरा माज, आणि तोही सर्व तपासण्या व्यवस्थित आल्या तरच, माझ्या मते पहिल्या वेतासाठी योग्य आहे.

अकरा महिन्यांची लॅब्राडोर पाहणाऱ्याला पूर्ण वाढलेली वाटते, कारण तिची उंची जवळजवळ झालेली असते. परंतु छाती भरणे, स्नायू बळकट होणे, वजन अंगावर धरणे हे दीड-दोन वर्षांपर्यंत चालूच असते. त्याच काळात पोटात सहा-आठ पिल्ले वाढू लागली आणि नंतर मादी दुधावर आली, की स्वतःच्या वाढीसाठी लागणारी प्रथिने आणि कॅल्शियम तिला पिल्लांसाठी खर्च करावे लागते. माज येणे म्हणजे गर्भ राहू शकतो एवढेच. तो पेलण्याइतके शरीर तयार झाले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

दोन वर्षे थांबण्याचे दुसरे कारण मला याहून महत्त्वाचे वाटते, कारण त्याचा संबंध जन्माला येणाऱ्या पिल्लांशी आहे. लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, आणि कोपराच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो. तरुण वयात अशी मादी धावते, उड्या मारते आणि कोणालाही शंका येत नाही. सांध्यांचा एक्स-रे काढून खात्रीने सांगायचे, तर सांधे पूर्ण तयार झालेले असावे लागतात. म्हणूनच अमेरिकेतील ‘ओएफए’ ही संस्था 24 महिने पूर्ण होण्यापूर्वी खुब्याचे अंतिम प्रमाणपत्र देत नाही. म्हणजे अकराव्या महिन्यात जोड लावणारा माणूस मादी निर्दोष आहे की नाही, हे न कळताच पिल्ले जन्माला घालत असतो. नराचाही एक्स-रे हवा. शेजारचा कुत्रा देखणा आणि स्वभावाने गरीब असला, तरी त्याचे खुबे कसे आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. याशिवाय हळूहळू दृष्टी नेणारा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आणि जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडण्याचा विकार, हे दोन्ही या जातीत आढळतात आणि दोन्हींसाठी डीएनए चाचणी आहे. नर व मादी दोघांची ब्रुसेलाची रक्ततपासणी अवश्य करावी. हा संसर्ग समागमातून पसरतो, त्याने गर्भपात होतात आणि तो माणसालाही होऊ शकतो.

मी हे ठामपणे लिहितो, कारण उलट वागून पाहिले आहे. गंगापूर रोडच्या घरी माझी पहिली मादी 13 महिन्यांची असताना मी तिला जोड लावू दिली. जानेवारीतल्या रात्री दीडच्या सुमारास पहिले पिल्लू झाले. ते पिशवीतच होते आणि पिशवी फाडण्याऐवजी, पिल्लाला चाटण्याऐवजी, मादी उठून चपलांच्या मांडणीशेजारी जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे पाहत थरथरू लागली. मी नखांनी पिल्लाच्या तोंडावरची पिशवी फाडली आणि जुन्या पंचाने त्याला चोळत राहिलो, तेव्हा ते चिरकले. सहांपैकी दोन पिल्ले वाचली नाहीत. पुढे दीड दिवस ती दूध पाजण्यासाठी आडवीच होत नव्हती; तिचे डोके मांडीवर धरून आम्ही पिल्ले आळीपाळीने लावत होतो. पहिलटकरीण मोठ्या वयातही गोंधळते, हे खरे आहे आणि सगळा दोष वयाला देणे योग्य होणार नाही. पण ती स्वतःच अजून पिल्लासारखी होती, दिवसभर चेंडू तोंडात घेऊन फिरत होती, आणि ते मला जोड लावण्याआधी दिसत होते. पुढच्या मादीच्या वेळी मी 26 महिने थांबलो; तिने प्रत्येक पिल्लू स्वतः मोकळे करून चाटले आणि मला हात लावावा लागला नाही.

घरातील मोठ्या माणसांच्या समजुतीबद्दल आदराने एवढेच सांगेन, की आरोग्यासाठी मादीला एक वेत व्हावेच लागते, याला वैद्यकीय आधार नाही. गर्भाशयात पू होण्याचा जो जीवघेणा आजार माजानंतरच्या काही आठवड्यांत होतो, त्याचा धोका एका वेताने संपत नाही. गर्भाशय काढून नसबंदी केली, तर मात्र तो जवळजवळ उरत नाही. पिल्ले नकोच असतील, तर हा माज संपून दोन-तीन महिने गेल्यावर नसबंदीविषयी डॉक्टरांशी बोला.

वरची मर्यादाही असते. पहिले वेत पाच वर्षांच्या पुढे ढकलू नये, कारण वाढत्या वयात कळा कमी पडणे, पिल्लू अडणे आणि सिझेरियनची वेळ येणे, हे सगळे वाढत जाते. सहा वर्षांनंतर मी तरी थांबतो, आणि दोन वेतांमध्ये किमान वर्षाचे अंतर ठेवतो. पग किंवा शिह त्झू यांसारख्या लहान जाती लवकर भरतात, तरी तेथेही दीड वर्षाच्या आत नको. ग्रेट डेनसारख्या अवजड जातींना दोन वर्षांहूनही अधिक थांबावे लागते. कायदाही येथे लागू होतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार 18 महिन्यांखालील मादीचे प्रजनन करता येत नाही, पिल्ले आठ आठवड्यांची होण्यापूर्वी विकता येत नाहीत, आणि विक्रीसाठी प्रजनन करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे.

नाशिककरांनी आणखी एक हिशेब करावा. गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा असतो. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला जोड लागली, तर पिल्ले आपल्याकडच्या ऐन थंडीत, पारा दहाच्या खाली असताना येतात. नवजात पिल्लाला पहिले काही दिवस स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही, त्याला कापरेही भरत नाही, ते नुसते गार पडत जाते. माझी दोन पिल्ले अशीच गेली असावीत, असे मला आजही वाटते. तिसरा माज अशा दिवसांत आला आणि घरात ऊब राखण्याची पक्की सोय नसेल, तर तो माज सोडून द्यावा.

सध्याच्या तीन आठवड्यांत मात्र डोळ्यांत तेल घालून राखण करा. नवव्या-दहाव्या दिवशी रक्तस्राव फिका पडू लागतो आणि माज सरला, असे समजून लोक तिला मोकळे सोडतात. नेमके तेच दिवस गर्भ राहण्याचे असतात. तिला साखळीशिवाय फाटकाबाहेर नेऊ नका, गच्चीवर एकटी ठेवू नका, आणि शेजाऱ्यांना आजच स्पष्ट सांगा. चुकून समागम झालाच, तर ओळखीच्या कोणाकडून ‘गर्भ पाडण्याचे इंजेक्शन’ देऊ नका. जुन्या पद्धतीच्या इस्ट्रोजेनच्या इंजेक्शनाने गर्भाशयात पू होऊ शकतो आणि अस्थिमज्जेलाही इजा पोहोचू शकते. लगेच पशुवैद्याकडे न्या. रक्त पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसले, ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच लिहून ठेवा. तिसऱ्या माजाच्या वेळी डॉक्टर सर्वांत आधी मागच्या तारखा विचारतील.