हबस्पॉटमधल्या (ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर) ग्राहकांच्या तक्रारी कोड न लिहिता जिरामध्ये (डेव्हलपर टीमची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) नेता येतील का?

हो, येतील. झेपियर, मेक किंवा एन-एट-एन (n8n), दोन ॲप्स जोडणाऱ्या या साधनांपैकी कशानेही जमतं. मधला डेटा स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवायचा असेल तर मी एन-एट-एन घेईन.

सपोर्टवाल्याने तिकिटाला, म्हणजे तक्रारीच्या नोंदीला, ‘बग’ प्रकार लावला की जिरामध्ये इश्यू, म्हणजे कामाची नोंद, तयार करायचा. त्या इश्यूची ‘की’ (ओळख क्रमांक), समजा ‘पे-२१४’, लगेच हबस्पॉटच्या तिकिटात वेगळ्या फील्डमध्ये लिहून ठेवा. हे अजिबात टाळू नका. ही ‘की’ नसेल तर जिरामधला पुढचा बदल कोणत्या तिकिटाचा हे कळणारच नाही.

जिरातून हबस्पॉटमध्ये परत येताना फक्त स्टेटस आणा. आम्ही कॉमेंटही दोन्हीकडे सिंक केल्या होत्या, तर एकच कॉमेंट रात्रभर इकडून तिकडे फिरत राहिली. आता इंटिग्रेशनसाठी, म्हणजे या जोडणीतून होणाऱ्या बदलांसाठी, वेगळा युजर आहे आणि त्याने केलेले बदल आम्ही पहिल्याच पायरीवर फिल्टरने गाळतो.