बँकॉकला एकच दिवस आहे? मग हे ऐका

एका दिवसात सगळं बँकॉक उरकायचा बेत आधी रद्द करा. नदीकाठचा जुना भाग धरा, तेवढाच दिवसाला पुरतो.

सकाळी साडेआठला ग्रँड पॅलेसचं दार उघडतं, तेव्हाच तिथे हजर राहा. दहानंतर ऊन आणि टूर बसवाले, दोन्ही सोसत नाहीत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. हाफ पँटवाल्यांना आत सोडत नाहीत. आतल्या ओवऱ्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, तिथे मात्र घाई करू नका. आपला मारुती थाई वेशात पांढराशुभ्र दिसतो! मी तिथेच तासभर रमलो होतो.

बाहेर कुणी गोड बोलून “आज पॅलेस बंद आहे, टुकटुकने फिरवतो” म्हणालं, तर सरळ पुढे चालू लागा. पहिल्या खेपेला मी फसलो आणि रत्नांच्या दुकानात जाऊन बसलो.

मग चालत वाट फो (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ), ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध. तिथून था तियेन धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण. पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा. संध्याकाळी परत अलीकडच्या काठावर या. सूर्य त्या शिखरामागेच बुडतो.