एसएसबीचं सेल्फ डिस्क्रिप्शन: आधी एवढं कर

एसएसबीसाठी (सैन्यदलांचे अधिकारी निवडणारं बोर्ड) लिहिलेला तुझा मसुदा वाचला. भाषा छान, पण त्यात तू कुठे आहेस? अर्धं पान कान्होजी आंग्रे आणि २०२३ च्या तारकर्लीच्या नौदल दिनावरच. ते बोर्डाला ठाऊक आहे रे!

वेळ १५ मिनिटं. आई-वडील, शिक्षक, मित्र तुला कसा ओळखतात, तू स्वतःला कसा ओळखतोस आणि काय सुधारायचंय, ते लिहायचं.

- ‘धाडसी’, ‘शिस्तप्रिय’ खोड. वडिलांसोबत रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढतोस, कबड्डी संघाचा हिशेब ठेवतोस, ते येऊ दे. ‘आई म्हणते, काम अंगावर घेतो पण उशिरा उठतो’ हे वाक्य चालेल, उलट आवडेल.
- दोष खरा हवा. ‘मी फार मेहनत करतो’ हा दोष नव्हे.

पीआयक्यू फॉर्मशी (तू स्वतःची माहिती भरून देतोस तो) विसंगत काही नको. मुलाखतीत तोच समोर असतो. टॅट-वॅट (चित्रावरून गोष्ट, शब्दावरून वाक्य लिहायच्या चाचण्या) नंतर बघू. आज घड्याळ लावून हातानं लिहून काढ.