वाईत नवीन राहायला येताय? हे आधी वाचा

अरे वा, पुण्याहून वाईला शिफ्ट होताय, छान! मी अकरा वर्षांपूर्वी आलो, तेव्हा केलेल्या चुका सांगतो म्हणजे तुमच्या वाचतील.

पहिलं, पाणी. नळाची वेळ शेजारच्या काकूंना विचारा, घरमालकाला नको, तो कुठे तिथे राहतोय. मी पहिल्या दिवशी सात वाजता आरामात उठलो, नळ कोरडा, शेवटी काकूंनीच दोन कळश्या दिल्या आणि ओळख तिथूनच झाली. कळशी रिकामी परत देऊ नका, चार लिंबं, मूठभर शेंगा काहीतरी घाला त्यात.

- दुपारी १ ते ४ कुणाची बेल वाजवायची नाही, बरीच दुकानंही बंदच असतात.
- गाडी आळीच्या तोंडाशी लावू नका. जुन्या आळ्या अरुंद आहेत, टेम्पो अडकला की अख्खी गल्ली तुमचं नाव शिकते.
- 'आमच्या पुण्यात' हे शब्द निदान सहा महिने विसरा.

आणि हिवाळ्यात कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव असतो, एकेका घाटाचा आपापला, तेव्हा वर्गणी देऊन घरी बसू नका, प्रसादाच्या पंगतीत वाढायला उभे राहा. मुलांना संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर न्या, तिथेच दोस्त मिळतील, पण पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की पायऱ्यांवर अजिबात सोडू नका.

शाळा, जागा वगैरे नंतर बोलू, आधी सामान लावा.