जिवाणूंचे ‘वास्तव्य’ की ‘संसर्ग’?

प्रश्न : गरोदरपणातल्या स्वॅबच्या अहवालात ‘ग्रुप बी स्ट्रेप कॉलनायझेशन’ असं होतं. माहितीपत्रकात त्याचं मराठी ‘योनिमार्गाचा जंतुसंसर्ग’ केलं आहे. चालेल का?

नाही चालणार. ‘संसर्ग’ वाचला की माणूस लगेच गोळ्या मागतो, आणि इथे गोळ्यांचा उपयोग नाही. हे ग्रुप बी स्ट्रेप जिवाणू बऱ्याच निरोगी बायकांच्या आतड्यात आणि योनिमार्गात असतात. दाह नाही, ताप नाही, त्रास नाही; कॉलनायझेशन म्हणजे एवढंच. आधी औषध देऊन घालवले तरी आतड्यातून परत येतात. म्हणून जिथे ही तपासणी सरसकट होते, उदा. अमेरिकेत, तिथे 36–37व्या आठवड्यात स्वॅब घेतात आणि प्रतिजैविक कळा सुरू झाल्यावर शिरेतून देतात, तेही बाळासाठी. हेच जिवाणू लघवीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहायच्या तपासणीत) मिलिलिटरला 1 लाख किंवा जास्त निघाले, तर मात्र लक्षणं नसली तरी गरोदरपणातच उपचार करतात.

मग शब्द कोणता? ‘वसाहत’ सुचेल, पण प्रयोगशाळेत तो कल्चरच्या बशीवर दिसणाऱ्या ठिपक्याला, म्हणजे कॉलनीला, दिलेला आहे. ‘वसाहतीकरण’ म्हटलं की इंग्रजांचं राज्य आठवतं. ‘संक्रमण’ हिंदीतून आलेलं. मराठीत सूर्याचं मकरसंक्रमण होतं. ‘लागण’ उसाचीही होते, पण रोगाची म्हटली की ती दुसऱ्याकडून आली असा वास येतो, आणि त्यावरून घरात नसते संशय उभे राहतात. मी ‘जिवाणूंचे वास्तव्य’ लिहीन.

‘संसर्ग’ मुळात नुसता संपर्क, संगत (‘संसर्गजा दोषगुणा भवन्ति’), तेव्हा इथेही तो का नको, असं कुणी म्हणेल. पण आज तो इन्फेक्शनला पक्का बसला आहे.

गार्डनेरेला या योनिमार्गातल्या जिवाणूचंही असंच. तो कल्चरमध्ये सापडला एवढ्यावर ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’चं निदान होत नाही. अ‍ॅम्सेलच्या चार निकषांपैकी तीन लागतात : पातळ, एकसारखा स्राव, पीएच 4.5च्या वर, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर माशासारखा वास, सूक्ष्मदर्शकाखाली क्लू पेशी (जिवाणूंनी झाकलेल्या योनिमार्गाच्या पेशी). तिथेही दाह सहसा नसतो, म्हणून नाव ‘व्हजायनोसिस’, ‘व्हजायनायटिस’ नाही. ‘-आयटिस’ म्हणजे दाह.

‘वास्तव्य’ सगळीकडे लावू नका, एवढं मात्र सांभाळा. लैंगिक संबंधातून पसरणारा गनोरिया किंवा क्लॅमिडिया सापडला तर लक्षण नसलं तरी तो संसर्गच, आणि उपचार जोडीदारालाही.