बोटं मागे वाकतात म्हणून घाबरलेली मुलगी

"मॅडम, माझी बोटं अशी मागे जातात, हा कसला आजार तर नाही ना?" असं विचारणारे हल्ली बरेच येतात. पूर्वी हा प्रश्न हाडांच्या डॉक्टरकडे जायचा, आता रील्स बघून बघून झोप उडाल्यावर माझ्याकडे येतो. मी फोंड्याला समुपदेशन करते. त्यातली एक केस लिहितेय, तिला विचारून आणि ओळख पटेल ते सगळं बदलून.

डिचोलीकडची मुलगी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, पेटी शिकते. चवथीला सगळी भावंडं गावच्या घरी जमलेली, आरत्या आटपल्यावर पोरांची मस्ती चाललेली, त्यात हिने करंगळी उलटी सरळ उभी करून दाखवली, मग मनगट वाकवून अंगठा हाताच्या आतल्या बाजूला टेकवला. सगळे हसले, पण एक चुलतभाऊ म्हणाला, अगो हा तर एलर्स डॅनलॉस, माझ्या मोबाईलवर आलेलं. (सांधे, त्वचा, रक्तवाहिन्या धरून ठेवणाऱ्या ऊतींचा हा जन्मजात आजार.) झालं. त्या रात्री हिने जे वाचायला सुरुवात केली ते हृदयाची मोठी रक्तवाहिनी फुटण्यापर्यंत जाऊन पोचली.

घरच्या डॉक्टरांना दाखवलं, ते बघून म्हणाले काही नाही. आता दोन मिनिटांत सांगितलेल्या "काही नाही"ने कुणाचं समाधान होतं सांगा! आई तर "गोमेकोत नेऊया काय, बांबोळीला?" इथपर्यंत, म्हणजे थेट गोवा मेडिकल कॉलेजच्या मोठ्या इस्पितळापर्यंत आलेली.

मी डॉक्टर नाही, हे मी आधीच सांगते. पण जे ठरलेलं माहीत आहे ते शांतपणे समजावून सांगणं हेही माझंच काम, कारण अर्धवट माहितीतच भीती जास्त वाढते. तर सांध्यांची लवचिकता मोजायला डॉक्टर बायटन स्कोअर वापरतात, १९७३ सालापासून तो चालत आलाय. एकूण ९ गुण. दोन करंगळ्या ९० अंशांपलीकडे मागे जातात का त्याचे २, मनगट वाकवून दोन अंगठे कोपराखालच्या हाताला टेकतात का त्याचे २, कोपरं उलटी जातात का त्याचे २, गुडघ्यांचे २, आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला पूर्ण टेकले तर १. मोठ्या माणसात पन्नाशीपर्यंत ५ किंवा जास्त आले तर सांधे सर्वसाधारणपणे सैल आहेत असं म्हणतात. मी तिला म्हटलं, आता तुझे मोज. तिने मोजले, चार. बोटांचे मिळून चारच होतात गो, नुसत्या बोटांवर पाचापर्यंत कुणी पोचतच नाही! तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आणि पाच झाले तरी तो आजार ठरत नाही. मोठ्या माणसांत साधारण १० ते २० टक्के लोकांचे सांधे असे सैल असतात, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, आपल्याकडे आशियात युरोपपेक्षा जास्त, लहान मुलांत तर खूपच, वय वाढेल तसं कमी होत जातं. अस्थिबंधांमधलं, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांमधलं कोलॅजन (त्यांना बळकटी देणारं प्रथिन) थोडं वेगळं असतं, किंवा सांध्याच्या खोबणीची ठेवणच तशी असते, आणि बहुतेक वेळा हे घरातूनच आलेलं असतं. म्हणून मी आईला म्हटलं, तुम्ही पण करून बघा की. त्यांनी पदर सावरत अंगठा दाबला तर तो आरामात टेकला! इतकी वर्षं स्वतःचा अंगठा कुठवर जातो ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मुलगी म्हणाली, "आई, तुला पण आहे!" आणि दोघी हसत सुटल्या. माझं अर्धं काम तिथेच झालं.

उरलेलं अर्धं जरा कठीण होतं, कारण आता तिचा अंगठा खरंच दुखत होता. दुखतंय म्हणजे आजार आहे, हा तिचा पुरावा. मी विचारलं, दिवसातून किती वेळा वाकवून बघतेस? "बघते अधूनमधून." म्हटलं मोबाईलवर नोंद कर. पुढच्या वेळी नोंद आणली, तर कदंबाच्या बसमध्ये, लेक्चरला, जेवताना, झोपताना, एका दिवशी तीसच्या वर गेलेलं. कुठलाही सांधा रोज तीस वेळा टोकापर्यंत ताणला तर तो दुखणारच, त्याला सैल असायची गरज नाही. हे आजाराच्या भीतीत नेहमी दिसतं, म्हणजे तपासल्यावर घटकाभर बरं वाटतं, मग परत शंका येते, मग परत तपासायचं. यात आईपण होती बरं का. रोज रात्री "दुखतंय काय गो?" विचारायची, आणि माझ्या मते ते पण तपासणंच, फक्त दुसऱ्याच्या तोंडून.

मग ठरवलं असं की वाकवून बघावंसं वाटलं की आधी दहा मिनिटं थांबायचं, थांबून परत वाटलंच तर ठीक, आणि आईने बोटांबद्दल विचारायचं नाही, दुसरं काहीही विचारावं. रील्सवर "नॉट इंटरेस्टेड" दाबत राहायचं, कारण आपण थांबून बघितलेलंच परत परत समोर येतं. पहिला आठवडा वाईट गेला, चिडचिड झाली, रडारड झाली. पण हळूहळू तपासणं कमी झालं आणि त्याबरोबर दुखणंही. परीक्षा आली की अजून थोडं वाढतं, ते ती स्वतःच ओळखते.

पेटी सोडावी लागेल ही तिची खरी भीती होती, ती खूप उशिरा बोलली. तिला १९९३ सालचा एक अमेरिकन अभ्यास सांगितला, ६६० संगीतकारांचा. मनगटं सैल असलेल्या ९६ जणांपैकी ५ जणांना तिथे दुखणं होतं, आणि तशी नसलेल्या ५६४ पैकी १०० जणांना! गुडघे आणि पाठीचं मात्र उलट निघालं, तिथे सैलपणा त्रासाचाच. तरी बोटांना ताकद यावी म्हणून फिजिओथेरपिस्टचे व्यायाम तिने सुरू केले, ते चांगलंच.

आणखी एक गोष्ट. सैल सांधे आणि घाबरटपणा यांचा काही संबंध बार्सिलोनाच्या डॉ. अँतोनी बुल्बेना यांच्या टीमला दिसला होता, पॅनिकचा, म्हणजे अचानक जोराची भीती दाटून येण्याचा त्रास असलेल्यांत असे सांधे जास्त सापडले. याचा अर्थ अंगठा वाकतो म्हणून वेड लागेल असा कृपया काढू नका, पण अशा माणसाची भीती "उगाच" म्हणून झटकू नये असं मला वाटतं.

डॉक्टरांकडे जायलाच हवं असं कधी? सांधा वारंवार निखळतो, आठवडेच्या आठवडे बऱ्याच सांध्यांत दुखतं, त्वचा खूप ताणली जाते, जखमेचे व्रण पातळ आणि रुंद पडतात, अंगावर सहज काळेनिळे डाग येतात, किंवा उंच सडपातळ बांधा, लांब बोटं आणि त्यात डोळ्यांचा त्रास, किंवा घरात कुणी तरुण वयात हृदयाच्या रक्तवाहिनीच्या त्रासाने गेलंय, यातलं काही असेल तर गुगल बंद करून सरळ दाखवा. एलर्स डॅनलॉसचे १३ प्रकार मानतात, त्यातल्या सैल सांध्यांच्या नेहमीच्या प्रकाराला रक्ताची किंवा जनुकाची ठरलेली टेस्ट नाही, डॉक्टर तपासूनच ठरवतात, त्यामुळे टेस्टच्या मागे धावू नका.

लहान मुलांच्या आया विचारतात, पेन्सिल धरताना बोट आत मोडल्यासारखं वाकतं, काय करू? जाड पेन्सिल द्या, मध्ये मध्ये थांबू द्या, अक्षरावरून ओरडू नका. लिहिताना हात सारखा दुखतो म्हणाला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि पाहुण्यांसमोर "दाखव रे तुझी बोटं" तेवढं बंद करा.